लोणारच्या वाटेवर

आल्प्स किंवा हिमालय पर्वतातून जाणाऱ्या वाटांवर प्रवाशांना ठिकठिकाणी निळीशार सरोवरे आढळतात. तेथे बर्फाचे प्रचंड प्रवाह, म्हणजेच हिमनद्या, अतिशय मंद गतीने उतारावरून सरकत असतात. हजारो वर्षांच्या घर्षणाने त्या खडक कोरून काढतात आणि बर्फ मागे हटला की त्या खोलगट जागी पाणी साठते. विदर्भाच्या उष्ण भूमीत हिमनदीचा मागमूसही नाही. तरी बुलढाणा जिल्ह्यात असे एक सरोवर आहे, की ते पाहण्यासाठी देशोदेशींचे अभ्यासक येतात. ते म्हणजे लोणारचे सरोवर होय.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. तेथून चिखली व मेहकर या गावांवरून लोणारला जाणारा रस्ता सुमारे ९० किलोमीटरांचा आहे. दोन्ही बाजूंना कापूस, तूर व सोयाबीन यांची शेते पसरलेली दिसतात. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा मेहकरला भेटते. वाटेवरची जमीन काळी आणि खडकही काळाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस बाहेर पडून थरावर थर साचले. त्यांचाच हा बसाल्ट खडक बनला आहे.

मेहकर सोडल्यावर प्रवाशाला पुढे काही अद्भुत असेल अशी शंकाही येत नाही. लोणार गाव येते, रस्ता किंचित चढतो आणि एकाएकी पायांखालची भूमी संपते! समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वाटोळे विवर उघडते. त्याच्या उतारांवर दाट झाडी आहे आणि तळाशी हिरवट पाणी संथपणे पसरलेले आहे. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर भरते.

हे विवर कसे झाले? पुराणकथा सांगते, की येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे व विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा वध केला. गावातील दैत्यसूदनाचे सुंदर प्राचीन मंदिर त्या कथेची आठवण देत उभे आहे. पुढे १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. विवर ज्वालामुखीमुळे झाले असावे, असे कित्येक वर्षे मानले जाई. परंतु प्रचंड आघाताच्या दाबाखालीच निर्माण होणारे काचेसारखे पदार्थ येथील खडकांत सापडले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघातानेच झाले, हे स्पष्ट केले. हिमनदी जे काम हजारो वर्षांत करते, ते येथे काही क्षणांत घडले! ही घटना केव्हा घडली, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. बसाल्ट खडकात अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्रावरील विवरे समजून घेण्यासाठीही लोणारचा अभ्यास उपयोगी पडतो.

सरोवराचे पाणीही असेच विलक्षण आहे. धारेसारख्या झऱ्यांचे गोड पाणी व पावसाचे पाणी विवरात उतरते. मात्र बाहेर जाण्यास त्याला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते व क्षार मागे उरतात. म्हणून ते खारट व अल्कधर्मी झाले आहे. पूर्वी येथील क्षार काढून काच व साबण यांसाठी वापरीत. अशा पाण्यात सूक्ष्म शैवाले मात्र विपुल वाढतात आणि त्यांच्यामुळेच पाण्याला हिरवा रंग येतो.

ही सारी सृष्टी गोड पाणी व क्षार यांच्या तोलावर उभी आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी आटून क्षार वाढले. तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण शोधून काढले. उलटपक्षी, अलीकडच्या काळात पाणी वाढून काठावरील काही मंदिरे पाण्याने वेढली गेली. बाहेरचे गोड पाणी किंवा गावाचे सांडपाणी अधिक आले, तर क्षार विरळ होतील व येथील दुर्मीळ जीव नाहीसे होतील.

या परिसराला २००० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. परंतु केवळ यादीत नाव आल्याने सरोवर वाचत नाही. आकाशातून आलेल्या आघाताने ते निर्माण केले. त्याचा तोल राखणे मात्र काठावर राहणाऱ्या व तेथे येणाऱ्या माणसांच्याच हाती आहे.

अभ्यास

१. हिमनदीने बनलेले सरोवर व लोणारचे सरोवर यांच्या निर्मितीत कोणता फरक आहे?
२. लोणारचे पाणी खारट का झाले?
३. कारण द्या : जून २०२० मध्ये सरोवराचा रंग बदलला.
४. ‘मागमूस नसणे’ व ‘तोल राखणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावाजवळील एखादे तळे पाहा. त्यात पाणी कोठून येते व कोठे जाते, ते दहा ओळींत लिहा.