आडवा मावळा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या गल्लीत मुलांची किल्ल्यासाठी विटा-दगडांची शोधाशोध सुरू होते. कुणी बांधकामावरून दगड आणतं, कुणी जुनी पोती. अळीव भिजत पडतात. मी मुलांना चित्रकला शिकवते, पण माझ्या वर्गात वर्षभरात होत नाही ते या पंधरा दिवसांत त्या मातीत होताना पाहते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने किल्ला केला. बुरूज, तटबंदी, पायऱ्या, सगळं नेटकं. फक्त मागच्या बाजूला एक गुहा होती आणि तिच्यात एक मावळा आडवा ठेवलेला. आईने सहज म्हटलं, "अरे, हा पडलाय. उभा कर ना." त्याने उभा केला. सकाळी पाहिलं तर मावळा परत आडवा. त्या वर्षी श्रावणात त्याचे आजोबा गेले होते. घरात त्याच्यासमोर कुणी रडलं नव्हतं. त्याला त्रास नको, म्हणून.

आई माझ्याकडे आली. "ताई, त्याच्याशी बोलू का? काय बोलू?"

मी म्हटलं, बोलू नका. माती कालवायला बसा त्याच्याजवळ.

ती बसली. मुलगा आजोबांबद्दल एक अक्षर बोलला नाही. "याच्याजवळ पणती ठेवू का?" एवढंच त्याने विचारलं. आईने पणती लावून दिली. मग आत जाऊन ती पोटभर रडली, असं तिनेच मला नंतर सांगितलं. पुढचे चारही दिवस मुलगा रोज संध्याकाळी त्या पणतीत स्वतः तेल घालत होता.

आईबाबांनो, मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या बसण्याबद्दल.

आपल्याला मुलांना घडवायची फार घाई असते. तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा एक मोठा गोल काढतं, त्यात डोळे काढतं आणि त्या गोलातूनच दोन पाय खाली सोडतं. जगभरातली बरीच मुलं या वयात असाच माणूस काढतात. आपण लगेच विचारतो, "पोट कुठंय याचं?" आणि त्याच्या हातातला खडू घेऊन पोट काढून दाखवतो. पोट काही महिन्यांनी त्याचं तेच काढणार असतं. आपण काढून दिलं की त्याला एवढंच कळतं, की आपलं चित्र चुकलं. असं चार-सहा वेळा झालं की मूल म्हणू लागतं, "मला नाही येत, तूच काढून दे." हे वाक्य मी पहिलीतल्या मुलांच्या तोंडून ऐकते तेव्हा पोटात कालवतं.

लंडनच्या एका बालरुग्णालयात डोनाल्ड विनिकॉट नावाच्या डॉक्टरांनी सुमारे चाळीस वर्षं काम केलं. मुलांच्या मनाचा ठाव घ्यायला ते एक साधा खेळ खेळत. डॉक्टर कागदावर एक वेडीवाकडी रेघ मारत, मूल तिच्यातून काहीतरी काढे. मग मूल रेघ मारी आणि डॉक्टर काढत. चूक नाही, बरोबर नाही, गुण तर नाहीतच. याच विनिकॉट यांनी १९५८ साली लिहिलं, की आई जवळ असताना आपल्याच नादात रमायला मिळालं, की त्यातूनच मुलाला पुढे एकटं राहता येऊ लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आई जवळ आहे, पण मध्ये पडत नाही.

हा रेघेचा खेळ आज रात्री जेवणं झाल्यावर खेळून पाहा. पाठकोरा कागद आणि पेन्सिल पुरे. मात्र तुमच्या पाळीला तुम्हीही मनापासून काढा. तुमच्या रेघेतून मांजर निघेल, नाहीतर तुमच्या लहानपणीची विहीर निघेल. मूल विचारेल, तेव्हा विहिरीची गोष्ट सांगा. मोठ्यांनाही काही आठवतं, काही सलतं, हे मुलांना कळू द्या.

यातल्या कशालाच महागडं सामान लागत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या हाती पानं, बिया, शंख-शिंपले, खडे दिले. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधनं तिथे परवडणारी नव्हती, आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही. आपल्या घरातही शाडूची माती, जुनी साडी, डाळींचे रिकामे डबे असतातच. शिक्षणाचं साधन म्हणून आपण त्यांच्याकडे पाहत नाही, इतकंच.

एक खबरदारीही सांगते. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी आहे, असे अर्थ काढत बसू नका. कित्येकदा खोक्यात तेवढाच खडू धड उरलेला असतो. "हे काय काढलंस?" असं विचारण्यापेक्षा "याच्याबद्दल सांगशील?" असं विचारा, आणि मूल नाही म्हणालं तर तिथेच थांबा. मात्र आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, खेळ सगळंच बिनसलं असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. तिथे घरचा कागद-खडू पुरत नाही.

आणि चित्राचा लगेच फोटो काढून नातेवाइकांना पाठवू नका. मुलाने ते तुम्हाला दाखवलेलं असतं.

त्या मुलाचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला. अळीव वाढून पिवळे पडले, बुरूज ढासळला, तरी आईने आवराआवरीचं नाव काढलं नाही. एके दिवशी त्यानेच माती कुंड्यांत भरली, विटा रचून ठेवल्या, मावळे खोक्यात घातले. तो आडवा मावळा त्याने कुठे ठेवला, ते आईने विचारलं नाही.