बहुशाखा बुद्धी आणि खोडदच्या तबकड्या

सज्जनहो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, एकेचाळिसाव्या श्लोकात, भगवंतांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. निश्चयाची बुद्धी एकच असते. अनिश्चयाच्या बुद्धीला फांद्या फुटतात आणि त्या फांद्यांना अंत नसतो. माउलींनी येथे लहानशा दीपज्योतीचा दृष्टांत घेतला आहे. ज्योत केवढीशी, पण उजेड घरभर! हे ऐकताना सर्वांच्या माना डोलतात. पण जुन्नर-आंबेगाव भागात कीर्तनास गेलो की एक तक्रार हटकून कानी पडते, "महाराज, करायचे पुष्कळ आहे, होत काहीच नाही." याचे उत्तर आज आम्ही तुमच्याच शिवारातून देतो.

नारायणगावच्या पूर्वेस खोडदच्या माळावर त्या मोठमोठ्या तबकड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ती रेडिओ दुर्बीण. एकूण तबकड्या ३०, एकेकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे आपले सुमारे शंभर हात. १४ तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत, १६ तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. गंमत पाहा, तीसही तबकड्या एकाच ठिकाणी रोखल्या म्हणजे पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे बारीक दिसते. तिसांची तोंडे तीस दिशांना असती, तर हे बळ आले असते काय?

हे काम उभे करणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). त्यांचा निश्चय कसा होता तो नीट समजून घ्या. लहान लांबीच्या लहरी टिपायच्या तर तबकडीचा पृष्ठभाग फार काटेकोर व गुळगुळीत लागतो, आणि एवढ्या मोठ्या आकारात त्याचा खर्च अफाट होतो. म्हणून त्यांनी त्या लहरींचा मोह सोडला. मीटरभर लांबीच्या लहरी, ज्यांकडे परदेशात त्या काळी फारसे लक्ष नव्हते, तेवढ्याच धरल्या. अशा लहरींना तारेची विरळ जाळीही पुरते. जाळीतून वारा निघून जातो, वजन घटते, लोखंड कमी लागते. म्हणून बेताच्या पैशात एवढ्या थोर तबकड्या झाल्या. म्हणजे बघा, काय करायचे हे ठरवण्याआधी काय करायचे नाही हे त्यांनी ठरवले!

जागाही तशीच निवडली. शहरांपासून दूर आणि भोवती डोंगरांचा आडोसा, त्यामुळे बाहेरचा गोंगाट कमी. आजही तेथे आत जाणाऱ्यास मोबाइल बंद ठेवावा लागतो. कारण आकाशातला आवाज इतका क्षीण, की खिशातल्या यंत्राचा गलबलाही त्याला झाकून टाकतो.

आणि फळ केव्हा आले? बांधणी १९९० च्या दशकातली. दूरच्या, प्राचीन हायड्रोजन वायूची खूण शोधणे हा दुर्बिणीचा एक मूळ हेतू होता. २०२० च्या ऑक्टोबरात सात हजारांहून अधिक आकाशगंगांचे क्षीण संकेत एकत्र करून, सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या वायूचे मोजमाप प्रसिद्ध झाले. गोविंद स्वरूप त्याआधी महिनाभर, सप्टेंबरात निवर्तले होते. पण त्यांनी धरलेली दिशा पुढच्यांनी सोडली नव्हती.

आता हे आपल्या घरी आणू. तुम्ही म्हणाल, "आम्हाला टोमॅटोचा तोडा ऐन आषाढात येतो, वारी कशी घडावी?" अहो, तोडा सोडून या, असे आम्ही म्हणत नाही. शेत हाही धर्मच आहे. पण वारी हेच पहिले असेल, तर त्याचा विचार पालखी निघाल्यावर नको, लागणीच्या वेळी हवा. चार पाट्या कमी लावा, भावकीत इर्जिक ठरवा. वारकरी आषाढी एकादशी आधी धरतो आणि मग मागे मोजत मुक्काम ठरवतो. पाठीवर ओझेही चालवेल तेवढेच घेतो. संसारातही हेच गणित.

दुसरे उदाहरण. लेकीचे शिक्षण पुरे करायचे असे ठरले आहे. मग थोरल्याच्या लग्नात मांडव मोठा, जेवणावळ मोठी, आणि त्यासाठी कर्ज! वर्षभराने लेकीच्या फीला पैसे उरत नाहीत. बापाची माया खोटी नव्हती हो. पण बुद्धीला फांद्या फुटल्या. मांडव दोन दिवसांत उतरतो, लेकीचे राहिलेले वर्ष मात्र परत येत नाही.

म्हणून साधकाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, मुख्य काय ते एकदोन शब्दांत घरच्यांसमक्ष बोलावे. दुसरी, त्यासाठी काय सोडणार तेही त्याच वेळी बोलावे; सोडण्याचे नाव न घेता केलेला संकल्प ही नुसती हौस. तिसरी, रोज घटकाभर डोंगराचा आडोसा करावा, म्हणजे मोबाइल दूर आणि चित्त एका ठिकाणी. चौथी, फळास उशीर झाला म्हणून दिशा बदलू नये.

काही जण विचारतील, मग बाकीची कामे करूच नयेत काय? करावीत, अवश्य करावीत. पण कोणते काम कोणासाठी थांबेल, हे आधी ठरलेले असावे. ज्याच्या घरी हे ठरले, त्याच्या घरी भांडण कमी आणि काम जास्त. येत्या एकादशीला घरातली सारी माणसे बसवून एवढे एक ठरवा. रामकृष्णहरि.