बार काढण्याआधीचे धडे

बाबू, तुला एअर रायफल हवी आहे आणि घरातल्या जुन्या दुनळीवरही तुझा डोळा आहे, हे मला कळतं. शौक चांगला आहे. पण बार काढणं हा या शौकाचा सगळ्यात लहान भाग. बंदूक गप्प असताना तिला कसं सांभाळतोस, त्यावर तुझी परीक्षा. माझ्या वडिलांनी जागलीच्या मचाणावर जे शिकवलं आणि पुढे मी जे शिकलो, ते सांगतो.

प्रत्येक बंदूक भरलेलीच समज. कोणी हातात दिली की नळी मोकळ्या दिशेला धरायची, मोडायची, दोन्ही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोट घालून चाचपायची. देणारा सख्खा काका असला तरी बघायचं. दसऱ्याच्या शस्त्रपूजेलाही बंदूक मोडून पाटावर ठेवायची आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. हळदकुंकू दस्त्यावर लाव, नळीला नको, ओल धरते. वरातीत बार काढायचा आग्रह करणाऱ्या पाहुण्याला सरळ नाही म्हणायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, नाहीतर दोन्ही.

बोट चापाबाहेर. नेम बसेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही. धुरा ओलांडताना, तारेच्या कुंपणातून जाताना आधी काडतुसं काढायची. आणि नेमाच्या मागं काय आहे ते बघ. आपल्याकडं तूर माणसाच्या डोक्यावर जाते, तिच्यापलीकडं कोण वाकलंय ते दिसत नाही. पॉइंट टूटूची एवढीशी गोळीसुद्धा किलोमीटरच्या पुढं जाते. एअर रायफलचा छर्रा काळ्या दगडावरून किंवा टिनावरून उलटून डोळ्यात येऊ शकतो. म्हणून टार्गेटच्या मागं रेतीची पोती रच, डोळ्यांवर चष्मा घाल.

सुरुवात कागदापासून. 10 मीटरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा 4.5 मिलिमीटरचा. म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊपट. एवढ्यावर आयुष्य काढणारी माणसं आहेत. आधी तुझा पक्का डोळा कोणता ते बघ. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसं भोक ठेव, त्यातून दूरचा विजेचा खांब बघ आणि डावा डोळा मिट. खांब तिथंच दिसला तर उजवा डोळा पक्का, गायब झाला तर डावा. श्वास अर्धा सोडून थांब, चाप हळूहळू दाब, झटका देऊ नको. आठ-दहा सेकंदांत बार सुटला नाही तर बंदूक खाली घे. हट्टानं सोडलेला बार नेहमी बाहेर जातो. बार सुटल्यावरही क्षणभर तसाच राहा, मान लगेच वर करू नको.

स्प्रिंगची एअर रायफल छर्ऱ्याशिवाय चालवायची नाही, आतलं पिस्टन आपटून खराब होतं. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हातानं घट्ट धरून ठेव, ती निसटली तर बोटं जातात. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की साबणानं हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्याला हात लावायचा नाही.

ताईलाही सोबत ने. 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरचीच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खेड्यातून तिथवर वाट जाते. ती शिस्तीची आहे.

जनावरावर नेम नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीनं होले, तितर पाडणं आमच्या लहानपणी चालायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते संपवलं. रोही आणि रानडुक्कर कपाशी-तुरीची नासाडी करतात हे खरं, पण वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावरही बार काढायचा नाही. पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्यायचा. राळेगावकडच्या बोराटीत 2018 च्या नोव्हेंबरात टी-1 वाघीण मारली गेली ना, तेव्हा सरकारचा हुकूम होता. तरी त्या एका बारावर चौकशा बसल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तुझ्या-माझ्या बाराचं काय होईल, विचार कर.

पावसाळा हा बंदुकीचा वैरी. मृग लागला की दुनळी चामड्याच्या म्यानातून बाहेर काढ. चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. मऊ कापडाला तेलाचा हलका हात घेऊन पुसायची. थबथबतं तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते नासवतं. ठासणीच्या बंदुकीत काळी बारूद उडते, तिचा मळ तेलानं निघत नाही. आधी गरम पाण्यानं नळी धुवायची, खडखडीत वाळवायची, मग तेल. कागदी काडतुसं दमटपणानं फुगतात. फुगलेलं काडतूस ठोकून बसवायचं नाही, वेगळं काढून विक्रेत्याला दाखवायचं.

कागद बंदुकीआधी. 4.5 मिलिमीटर आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, तरी बिल जपून ठेव. दुनळीचं तसं नाही. तिचा परवाना माझ्या नावावर आहे आणि तोही पीक संरक्षणाचा, म्हणजे परवान्यात लिहिलेल्या शिवारापुरता. ती एकट्यानं घेऊन फिरायचं तू मनातही आणू नको. परवान्याला वय एकवीस लागतं. जमवायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेव, की 2019 पासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. परवाना पाच वर्षांचा; मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी कलेक्टर ऑफिसात नूतनीकरणाचा अर्ज टाकायचा. निवडणुकीत ठाण्यातून पत्र आलं की बंदूक जमा करायची आणि पावती घ्यायची. पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर आहे का, तिथंच वाचायचं.

माझ्या पाठीमागं दुनळी आपोआप तुझी होत नाही. आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा कर, मग वारस म्हणून अर्ज कर. परवाना मिळाला तर ठेव. नाही मिळाला तर आठवण म्हणून माळ्यावर लपवायची नाही, कारण त्या दिवसापासून ती बेकायदेशीर हत्यार होते.

यातलं सगळं जमत असेल, तर पुढच्या आठवड्यात टार्गेटचे कागद घेऊन ये. रायफल नंतर बघू.