फुटबॉलची पात्रता: कागद कोणते, खर्च किती

शालेय फुटबॉल स्पर्धा ऐन पावसाळ्यात लागतात. शाळा सुरू होऊन जरा कुठे घडी बसते, तोच निरोप येतो: उद्या जन्मदाखल्याची मूळ प्रत घेऊन या. घरात शोधाशोध होते. दाखला सापडतो, पण त्यावर मुलाचं नावच नसतं, नुसतंच ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ आणि आईवडिलांची नावं. मग एजंट गाठला जातो आणि शंभर-दोनशेत होणाऱ्या कामाला हजारांत पैसे जातात. मुलाला खेळवायचं ठरवलंत की बूट घेण्याआधी कागद बघा. खरा खर्च फार थोडा आहे. महाग पडते ती घाई.

आधी वयाचा हिशेब. ‘17 वर्षांखालील’ म्हणजे सामन्याच्या दिवशी 17 पूर्ण नसणं असं नव्हे. प्रत्येक स्पर्धेच्या परिपत्रकात जन्माची एक तारीख दिलेली असते, बहुतेक वेळा 1 जानेवारी. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेला पात्र, आदल्या 31 डिसेंबरला जन्मलेला अपात्र. एका दिवसाची सवलत कोणी देत नाही आणि द्यायलाही नको. शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. क्लबच्या युवा स्पर्धांचे गट वेगळे असतात, म्हणून प्रत्येक वेळी त्या वर्षाचं परिपत्रकच वाचावं. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल, यावर विसंबू नये.

आता जन्मदाखला समोर ठेवा. त्यावर तीन तारखा असतात. एक जन्माची, एक नोंदणीची आणि एक दाखला दिल्याची. छाननीला बसलेला माणूस सगळ्यात आधी मधली तारीख बघतो. जन्मानंतर लगेच नोंद झाली असेल तर शंका उरत नाही. नोंदच आठ-दहा वर्षांनी झाली असेल तर भुवया उंचावतात. काही स्पर्धांत असा दाखला एकटा धरतच नाहीत, जोडीला आणखी पुरावा मागतात. तिसरी तारीख अलीकडची असली तर काहीच बिघडत नाही. नवी प्रत काढली की ती बदलणारच. नवखा कार्यकर्ता त्या तारखेवर बोट ठेवून दाखला नाकारू लागला, तर नोंदणीच्या तारखेकडे त्याचं लक्ष वेधावं.

जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एक पैसाही लागत नाही आणि पहिला दाखलाही मोफत मिळतो. पुढे प्रत हवी असेल तर ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची फी फार तर वीस-पन्नास रुपयांच्या घरात. नाव घालायचं राहिलं असेल तर पहिल्या वर्षात ते विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून घालता येतं. मुलगा चौदाचा झाला असेल तर हे काम या महिन्यातच उरकून टाका. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2025 पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे. त्यात काही महिने गेले तरी नवल नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तो दाखला आणून देतो असं कोणी सांगत असेल, तर तो खोटा दाखला देणार हे गृहीत धरा.

प्रतिज्ञापत्र मागितलं तर एक फरक माहीत असू द्या. महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून 100 चा 500 रुपये झाला, पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथे साध्या कागदावर काम होतं. 500 चा स्टॅम्प पेपर आणायला लावणारा टायपिस्ट हे आपणहून सांगणार नाही.

आधार कार्ड ओळखीसाठी सगळीकडे लागतं, पण तो वयाचा भक्कम पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2024 मध्ये वय ठरवताना आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावर भर दिला. तरीही आधारवरची तारीख जन्मदाखल्याशी जुळलीच पाहिजे. नाही तर पोराला रांगेतून बाजूला काढलंच समजा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून आधी जन्मदाखला दुरुस्त करा, मग आधार. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तारीख चुकली असेल तर मुलगा त्या शाळेत असतानाच, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन ती दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर हे फार अवघड होऊन बसतं. ऐपत असेल तर पासपोर्ट काढून ठेवा. अल्पवयीन मुलाची साधी फी 1000 रुपये आहे आणि पुढे परदेशी स्पर्धेची संधी आली तर धावपळ वाचते.

क्लबकडून खेळायचं तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, खेळाडूची नोंद लागते आणि त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. पालकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून अकादमी पैसे घेते आणि नोंद मात्र फक्त स्वतःच्या वहीत करते. पैसे देताना विचारा: यातली अकादमीची फी किती, संघटनेची किती? पावती घ्या आणि पंधरा दिवसांनी सीआरएसचा क्रमांक मागा. क्रमांक नाही म्हणजे नोंद नाही. दुसऱ्या क्लबात जायचं तर बदलीची प्रक्रियाही तिथूनच होते. ‘एनओसी’साठी प्रशिक्षकाच्या हातावर रोख ठेवू नका. संघटनेचं जे शुल्क असेल ते पावतीवर भरा. आणि एका हंगामात दोन क्लबांच्या फॉर्मवर सही करू नका. असा मुलगा दोन्हीकडून अडकतो.

हाडांच्या तपासणीबद्दल पालकांच्या मनात फार धास्ती असते. आपल्याकडे टीडब्ल्यू3 ही पद्धत रूढ आहे. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून 13 हाडांची वाढ बघतात आणि त्यावरून हाडांचं वय ठरवतात. एक्स-रेला काही शे रुपये पडतात, एमआरआयला काही हजार. फिफाने 2009 च्या नायजेरियातल्या 17 वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला, कारण त्यात किरणोत्सर्ग नसतो. तपासणी आयोजकांनी सांगितल्यावर आणि त्यांनी नेमलेल्या ठिकाणीच करावी. स्वतःहून काढून नेलेला एक्स-रे सहसा कोणी धरत नाही, म्हणजे तो खर्च वाया. हेही खरं की हाडांचं वय आणि जन्माचं वय यांत निरोगी मुलातही वर्षभराचा फरक पडू शकतो. लवकर वयात आलेला प्रामाणिक मुलगा या तपासणीत अडकू शकतो. तेव्हा घाबरून गप्प बसू नका. निकाल लेखी मागा, अपिलाची मुदत विचारा आणि वेळेत झालेल्या नोंदीचा दाखला पुढे ठेवा.

दुबईहून किंवा अमेरिकेहून परतलेल्या मराठी कुटुंबांसाठी एक वेगळा कागद आहे. मुलगा तिथल्या क्लबात नोंदलेला असेल आणि 10 वर्षांचा झाला असेल, तर तिथल्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट यावं लागतं. फिफाच्या नियमानुसार ते विनामूल्य आणि विनाअट द्यायचं असतं. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर 18 वर्षांखालील खेळाडूंचे फिफाचे कडक नियम लागू होतात. स्थलांतर फुटबॉलसाठी नव्हे, आईवडिलांच्या नोकरीसाठी झालं, हे दाखवावं लागतं. नोकरीचं पत्र आणि राहण्याचे पुरावे जपून ठेवा. यात वेळ जातो, म्हणून परतल्या परतल्या क्लबमार्फत अर्ज करा.

दोन वर्षं वय कमी दाखवणारा दाखला बाजारात मिळतो, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असतं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे मोह होतो. पण एक मुलगा सापडला की सगळा संघ बाद होऊ शकतो. सुब्रोतो कपमध्ये असे संघ बाद झाले आहेत. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 2025 मध्ये वयचोरीविरोधी संहितेचा नवा मसुदा काढला. त्यात पहिल्यांदा सापडल्यास दोन वर्षांची आणि दुसऱ्यांदा आजन्म बंदी सुचवली आहे. आणि खरा तेरा वर्षांचा जो मुलगा पंधरा वर्षांच्या पोराच्या अंगाखाली येऊन गुडघा गमावतो, त्याच्या ऑपरेशनचा खर्च लाखांत जातो. असा दाखला कोणी देऊ केला तर प्रशिक्षकाला नाही म्हणा, आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा.