गणेशखिंडीचा दगडी प्रासाद : राजनिवास ते विद्यापीठ

धारणीहून सेमाडोह-परतवाडा मार्गाने मेळघाटाचे डोंगर उतरले, की वऱ्हाडची कपाशीची काळी जमीन लागते. या कपाशीचे आणि पुण्यातील एका दगडी प्रासादाचे नाते आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश व गुजरातच्या कापसाला मुंबईच्या बाजारात सोन्याचे मोल आले. या भरभराटीच्या दिवसांत, १८६४ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत पुण्याजवळ गणेशखिंड येथे नव्या राजनिवासाचे काम सुरू झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुशिल्पज्ञाचा होता.

वास्तूची घडण इटालियन धाटणीची आहे. इटलीतील ग्रामीण प्रासादांवरून इंग्लंडमध्ये ही शैली रूढ झाली. व्हिक्टोरिया राणीचे ऑसबोर्न हाउस हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. अर्धवर्तुळाकार कमानींच्या रांगा, त्यांच्या आड सावलीचे सोपे आणि घंटाघरासारखा उंच मनोरा ही तिची लक्षणे गणेशखिंडीत स्पष्ट दिसतात. कल्पना परदेशी असली, तरी खोल सोपे ऊन व पाऊस अडवितात. त्यामुळे ती येथील हवामानाला मानवली.

युद्ध संपताच १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले व मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिले. ते १८७१ मध्ये पुरे झाले. त्यावरील खर्चाबद्दल सरकारवर टीकाही झाली. ज्यांच्या श्रमाचा पैसा, त्यांना त्या दालनांत प्रवेश नव्हता.

लोकांचा रोष पुढे याच रस्त्यावर प्रकट झाला. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून राजनिवासातून परतणारे प्लेगचे अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

स्वातंत्र्यानंतर या वास्तूचे प्रयोजनच पालटले. १९४९ साली येथे पुणे विद्यापीठ सुरू झाले. डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ पासून विद्यापीठ सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. गव्हर्नरांचा राजनिवास विद्यापीठाची मुख्य इमारत झाला.

गावोगावीही जुनी विश्रामगृहे, चावड्या व शाळागृहे आहेत. अशी इमारत निर्लेखित करण्याचा ठराव मांडण्यापूर्वी ती कोणी, कशासाठी व कोणाच्या पैशातून बांधली याची नोंद करावी. भिंतींत रुजलेली पिंपळाची रोपे वेळीच काढावीत, पन्हाळी साफ ठेवाव्यात आणि दगडी भिंतींच्या दर्जा शक्यतो चुन्यानेच भराव्यात. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा : ही वास्तू आज कोणाच्या उपयोगी पडू शकेल? गणेशखिंडीत या प्रश्नाचे उत्तर 'विद्यार्थ्यांच्या' असे मिळाले. म्हणूनच ती वास्तू आज सर्वांची आहे.