वैऱ्याचं गाढव

आजचे वाचन: निर्गम २३:४-५, लूक ६:२७-३६



वैऱ्यांवरही प्रीती करायची, ही येशूची शिकवण आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. अडचण येते ती चेहरा डोळ्यांसमोर आल्यावर. घालूनपाडून बोलणारी नातेवाईक, आपल्या कामाचं श्रेय घेणारा सहकारी, रात्री दोनला मोठ्याने गाणी लावणारा रूममेट. यांच्याबद्दल मनात प्रेम आणायचं तरी कुठून?

मला इथे निर्गमातल्या दोन वचनांनी मदत केली. नियमशास्त्र सांगतं की शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर ते त्याच्याकडे नेऊन पोचवावं. आपला द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर तसंच पुढे जाऊ नये, त्याच्या बरोबरीने हात लावावा.

गंमत पाहा. इथे त्या माणसाला सरळ शत्रूच म्हटलंय. तो मनाने चांगला आहे असं समज, असं काही सांगितलेलं नाही. मनात काय वाटावं, याबद्दलही एक शब्द नाही. सांगितलंय ते फक्त गाढव उठवायला. पण त्यासाठी ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्याच शेजारी उभं राहून जोर लावावा लागतो!

लूकमध्ये येशूही प्रीती करा म्हणून थांबत नाही. भलं करणं, आशीर्वाद देणं, प्रार्थना करणं, या तीन गोष्टी तो लगेच पुढे सांगतो. भावना येईपर्यंत न थांबता त्या सुरू करता येतात.

माझ्या ऑफिसात एक जण मीटिंगमध्ये माझं बोलणं हमखास तोडतो. एकदा क्लायंटला जाणाऱ्या त्याच्या शीटमधली चूक माझ्या लक्षात आली. गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण हेच ते गाढव, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी ग्रुपवर न लिहिता त्याला एकट्याला मेसेज केला. उत्तर आलं, "ओके." पुढच्या मीटिंगमध्ये त्याने पुन्हा माझं बोलणं तोडलं. खरं सांगू? तो बदलला नाही. पण त्या रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करणं मला थोडं सोपं गेलं.

एक मात्र नीट समजून घेऊ. प्रीती म्हणजे निमूट छळ सोसणं नव्हे. एन-गेदीच्या गुहेत शौल दावीदाच्या हाती सापडला होता (१ शमुवेल २४). दावीदाने त्याचा जीव घेतला नाही. शौल रडला, त्याने आशीर्वादही दिला. तरी शेवटी शौल घरी गेला आणि दावीद आपल्या गडावर. त्याने सूड घेतला नाही, पण अंतर राखलं. तुम्हाला कोणी मारत किंवा धमकावत असेल तर दूर व्हा, विश्वासू माणसाला सांगा. त्याने प्रीती कमी होत नाही.

आणि हे बळ येतं कुठून? रोम ५:१० वाचा. आपण देवाचे वैरी होतो, तेव्हाच त्याने पुत्राच्या मरणाने आपल्याशी समेट केला. आपण सुधारण्याची वाट त्याने पाहिली नाही.

आज एक नाव आठवा. त्या व्यक्तीचं कोणतं ओझं तुम्हाला दिसतंय? तेवढ्याला हात लावा.

प्रार्थना: प्रभू येशू, मी वैरी असताना तू माझ्याजवळ आलास. आज ज्याच्याजवळ जायला माझे पाय जड होतात, त्याचं ओझं मला दाखव आणि हाताला बळ दे. आमेन.