उचल, कर्ज आणि भांडवल : सरळव्याजाचा पाठ घरापर्यंत नेऊया



शेकडेवारी आणि सरळव्याज हे घटक आपण दरवर्षी शिकवतो. मुद्दल, दर, मुदत, भागिले शंभर. मुलं सूत्र पाठ करतात, गुणही मिळवतात. पण घरी हेच गणित वेगळ्या भाषेत चालतं. "तीन रुपये शेकड्यानं घेतले", "इसार दिला", "उचल घेतली", "बाकी फिरली". हे शब्द पुस्तकात नाहीत, म्हणून मुलाला वाटतं की शाळेतलं गणित वेगळं आणि घरातलं वेगळं. आजचा पाठ ही दोन गणितं एकत्र आणण्यासाठी आहे. तो मुलांइतकाच मोठ्या माणसांनाही उपयोगी आहे.

१. आपल्या भागातलं उदाहरण : उचल

गेवराई तालुक्यात चकलांबा आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या सुमाराला अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. निघण्याआधी मुकादम प्रत्येक कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो. ती उचल. मुकादमानं ती कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून करारावर घेतलेली असते. म्हणजे मुकादम हाही एक छोटा ठेकेदारच. टोळीतले चार कोयते आले नाहीत, तर त्यांच्या उचलीचा बोजा त्याच्याच डोक्यावर बसतो.

आता मुलांना विचारा : या कर्जाला तारण काय? जमीन नाही, सोनं नाही. पुढच्या पाच-सहा महिन्यांचे श्रम हेच तारण. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि कुटुंबाला पुन्हा जावं लागतं. सांभाळायला मागे कुणी नसेल तर मूलही सोबत जातं. आपल्या हजेरीपटावरची ती रिकामी ओळ अशी एका कर्जाशी जोडलेली असते. (कर्जापोटी माणसाला डांबून राबवून घेणं हा वेठबिगारीविरोधी १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही वरच्या वर्गाला जरूर सांगा.)

म्हणूनच परत आलेलं एखादं कुटुंब "आता गावातच काहीतरी करू" म्हणतं, तेव्हा त्याला योग्य दारातून भांडवल मिळणं आपल्या शाळेच्याही फायद्याचं आहे. मग ती शिलाई मशीन असो, पिठाची गिरणी असो, शेळ्या असोत की सेंट्रिंगच्या प्लेटा.

२. फळ्यावरचं गणित

उदाहरण पहिलं. दहा हजार रुपये "पाच रुपये शेकड्यानं" घेतले. इथे पाच हा दर महिन्याचा असतो. महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये. म्हणजे वार्षिक दर ६० टक्के! बँक "बारा टक्के" म्हणते तेव्हा तो दर वर्षाचा असतो. ऐकायला पाच लहान आणि बारा मोठा. इथेच माणूस फसतो.

उदाहरण दुसरं. १२,००० रुपये कर्ज, दर वार्षिक १२ टक्के, दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडायचं. दोन सावकार, दोन पद्धती.

पहिला पूर्ण १२,००० वर वर्षभराचं व्याज धरतो : १,४४० रुपये.

दुसरा फक्त शिल्लक मुद्दलावर धरतो : पहिल्या महिन्यात १२०, मग ११०, मग १००... शेवटच्या महिन्यात १०. मुलांना ही बेरीज करू द्या. उत्तर येतं ७८० रुपये.

दर तोच आणि मुदतही तीच, तरी व्याज जवळजवळ दुप्पट. पहिल्या पद्धतीला 'फ्लॅट' दर म्हणतात, दुसरीला घटत्या शिल्लकीवरचा. हा फरक सातवीच्या मुलाला कळतो, तर तो पालकांनाही समजावून सांगू शकतो.

३. पैसा घेण्याआधी तीन प्रश्न

हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगा.

• दर महिन्याचा की वर्षाचा, आणि कशावर?
• तारण काय : वस्तू, जमीन, की माझे श्रम?
• कागद कुठे आहे, आणि त्याची प्रत माझ्याकडे आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला आता नियमांचा आधार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला आणि छोट्या उद्योजकाला मुदत कर्ज देताना 'मुख्य तथ्य विवरण' देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. मागा, न लाजता मागा. परवानाधारक सावकारही महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ ला बांधलेला आहे. विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते.

४. जवळची दारं

बचत गट : घरातल्या बाईसाठी हे सगळ्यात जवळचं दार. बचत गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डनं १९९२ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे आता 'उमेद' अभियानातून गट चालतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, ही गटाची पंचसूत्री. बँक गटाला कर्ज देते ते याच वह्या बघून.

मुद्रा योजना : २०१५ पासून. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण हे अनुदान नाही, कर्जच आहे, हे ठळक अक्षरात सांगा.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम : २००८ पासून. अर्ज ऑनलाइन, चौकशी बीडच्या जिल्हा उद्योग केंद्रात. ग्रामीण भागात खुल्या प्रवर्गाला २५ टक्के, तर महिला, मागासवर्गीय इत्यादींना ३५ टक्के अनुदान. आणि शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी अट : उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवा व्यवसायाचा ५ लाखांच्या वर असेल, तर अर्जदार किमान आठवी पास हवा. सहावीत शाळा सुटलेल्या मुलासाठी हे दार पंधरा वर्षांनी बंद झालेलं असतं. त्याचं कारण आजच्या गैरहजेरीत आहे.

महामंडळं : अण्णासाहेब पाटील, वसंतराव नाईक, महात्मा फुले अशी प्रवर्गानुसार महामंडळं आहेत. व्याज परताव्याच्या योजनेत आधी आपण हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं. हप्ता चुकला की परतावाही अडकतो.

५. तयारी आणि सावधगिरी

सहा महिने परगावी राहणाऱ्या माणसाची खरी अडचण अशी की त्याच्या कमाईची नोंद कुठेच नसते. म्हणून मजुरी, दुधाचे पैसे, विक्रीचे पैसे शक्य तितके बँक खात्यातून फिरवा. साध्या वहीत रोजची जमा-खर्च लिहा. मशीन किंवा साहित्याचं दरपत्रक घ्या. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. "मंजुरीसाठी आधी एवढे भरा" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

ठेवीबद्दलही एक गोष्ट. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. जास्त व्याजाच्या पाटीखाली हा फरक झाकला जातो.

६. वर्गात घेताना

एक काळजी नक्की घ्या. "तुमच्या घरी किती कर्ज आहे?" असं मुलांना विचारू नका. घरची अडचण चारचौघांत उघडी पाडणं हा पाठ नव्हे. उदाहरण नेहमी काल्पनिक घ्या : "एका ताईला वीस हजारांची शिलाई मशीन घ्यायची आहे." वर्गात तीन गट करा, एक सावकार, एक बँक, एक बचत गट. प्रत्येकानं आपला दर फळ्यावर मांडायचा. चौथ्या गटानं ताईच्या वतीनं तीन प्रश्न विचारायचे आणि वर्षाचं व्याज काढायचं. निर्णय मुलांनाच घेऊ द्या. कमी व्याजाची बँक सोडून कुणी सावकार निवडला तर का ते विचारा. "तो लगेच देतो" हे उत्तर हमखास येतं, आणि ते खरंही आहे. आजारपण, पेरणी, लग्न यांच्या वेळी बँकेच्या कागदांना थांबायला कुणाला वेळ असतो? म्हणून खातं, वही आणि गट ही तयारी गरज पडण्याआधी करायची, हा निष्कर्ष मुलांकडूनच काढून घ्या.

पालक सभेत हीच दोन उदाहरणं दहा मिनिटांत होतात. सभा दिवाळीआधी ठेवा, उचल ठरण्याच्या आधी. त्याच सभेत हंगामी वसतिगृहाची माहितीही द्या, म्हणजे आई-वडील गेले तरी मूल गावात राहून शिकू शकेल.

गृहपाठ : २०,००० रुपये, तीन रुपये शेकडा दरमहा, मुदत दहा महिने. एकूण व्याज किती? उत्तर मुलानं घरच्यांना वाचून दाखवायचं आणि खाली त्यांची सही आणायची.

आपापल्या शाळेत हा पाठ घेऊन बघा, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते नक्की कळवा.